चार्जरची खंडेनवमी

"हात लावू नगंस! सांगून ठेवते, हात लावू नगंस त्याला! पूजंला बसवलंय!"

आत्ती अशा ओरडल्या, की जयपूरच्या शास्त्री नगरातल्या आमच्या गल्लीतल्या कचोरीवाल्याच्या झाऱ्यातली कचोरी उडून परत कढईत पडली. कोपऱ्यावरून चाललेली उंटगाडी थांबली. उंटानं मान वळवून आमच्या दाराकडं बघितलं. मी खोटं कशाला सांगू, उंटाचे डोळे मी स्वतः पाहिलेत.

आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या साताऱ्याकडं सासूला आत्तीच म्हणतात. मी नुकतीच सीतापुऱ्याच्या बसमधून उतरून, कारखान्यातले तयार कपडे तपासून तपासून डोळ्यांचे बटाटे झालेले, अशी घरात शिरले होते. चप्पल काढायच्या आधीच मला देव्हाऱ्यासमोरचा पाट दिसला. पाटावर विळी, कात्री, पक्कड, मिक्सरचं पातं, माझी केस कापायची छोटी कात्रीसुद्धा, आणि मधोमध, झेंडूचा हार घालून, हळदीकुंकवानं माखलेला, मोटरसायकलच्या बॅटरीचा चार्जर.

मी झेपावले ती त्याच्याकडं. आणि आत्ती ओरडल्या त्या त्याचवेळी.

आता चार्जर हे प्रकरण आधी सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल की बाई एका डबीसाठी एवढी का नाचते. आमचे हे फौजेत. जयपूरला आम्ही आलो ते ह्यांच्या बदलीमुळं, आणि मग ह्यांना वर बर्फात पाठवलं आणि आम्ही दोघी सासवा-सुना इथं भाड्याच्या घरात राहिलो. जाताना ह्यांनी मला घर, आई, गॅस आणि बँक ह्यांबद्दल जे सांगितलं ते दारात उभ्याउभ्या सांगितलं. पण मोटरसायकलबद्दल मला पोर्चमध्ये स्टुलावर बसवून शिकवणी घेतली. गाडी उभी राहिली की बॅटरी हळूहळू रिकामी होते. ह्या गाडीला किक नाही. ढकलूनही चालू होत नाही, कारण पेट्रोल वर चढवणाऱ्या पंपालासुद्धा वीज लागते. म्हणून ही साबणाच्या वडीएवढी काळी डबी. एक वायर भिंतीतल्या सॉकेटला, दोन चिमटे बॅटरीला. आजारी माणसाला सलाइन लावावं तशी ही डबी बॅटरीला थेंबथेंब वीज पाजते. पाजत असताना लाल दिवा, पोट भरलं की हिरवा.

"रोज बघत जा," हे म्हणाले. "हिरवा पाहिजे."

तिथून फोन आला की पहिलं वाक्य, "हिरवा आहे ना?" मग आईची तब्येत. मग रेंज उरली तर मी. माझ्या मैत्रिणींच्या नवऱ्यांना दारूचं, पत्त्यांचं व्यसन आहे. मला सवत मिळाली ती बारा व्होल्टची.

पण घट बसायच्या आधीपासून ह्यांचा फोन नव्हता. वर बर्फ पडलं की लाइन तुटते, घाबरायचं नाही, असं ह्यांनी सांगून ठेवलेलं. आम्ही घाबरत नव्हतो. मी फक्त फोन बाथरूममध्ये पण घेऊन जात होते, आणि आत्ती फक्त टीव्हीवर बातम्या लागल्या की आवाज बंद करून नुसती चित्रं बघत होत्या. एकदा आत्तींनी चहा ढवळता ढवळता सांगून टाकलं, "दसऱ्याला गाडी चालू झाली, की माझं लेकरू सुखरूप हाय असं मी समजणार."

मी म्हटलं, "आत्ती, गाडीचा आणि माणसाचा काय संबंध?"

तोंडानं म्हटलं. पण दुसऱ्या दिवसापासून मी तो हिरवा दिवा सकाळ-संध्याकाळ बघायला लागले, आणि बसस्टॉपवरून परत येऊनसुद्धा बघायला लागले.

तर तो चार्जर आता पाटावर.

"आत्ती, ह्याला काढलं कशाला?"

"आज खंडेनवमी हाय. हत्यारानं आज काम करायचं नसतं. बेंदराला बैलाच्या मानंवर जू ठिवत न्हाईत, आन् हे बिचारं होळीपास्नं दिवसरात राबतंय. त्याला एक दिस सुट्टी नगं व्हय?"

"सुट्टी द्या की. पण हे ओलं का दिसतंय?"

"धुतलं."

"धुतलं?"

"नुसतं न्हाई धुतलं," आत्ती अभिमानानं म्हणाल्या. "चिंचंनं घासलं. बघ की चिमटं कसं लख्ख निघाल्यात."

चिमटे खरंच लख्ख होते. आमच्या लग्नातली समई इतकी चमकली नव्हती. मी त्या डबीकडं बघितलं तर खालच्या बाजूनं पाण्याचा एक थेंब निघाला, पाटावर पडला, आणि माझ्या पोटात खड्डा पडला. त्या खड्ड्यात आमेरचा किल्ला मावला असता, हत्तींसकट.

तेवढ्यात मला पोर्चमधून एक पिवळट उजेड दिसला. मी धावले. गाडी धुवून पुसून उभी. तिच्या टाकीवर स्वस्तिक, हँडलला हार. आणि तिचा पुढचा मोठा दिवा चालू. चालू म्हणजे काय, मरायला टेकलेल्या निखाऱ्यासारखा.

"हा दिवा कुणी लावला?"

"मी. चावी डब्यात हुती. पूजा करायची आन् दिवा नगं? तिचाच दिवा तिला लावला."

"कधी?"

"सकाळी. तू गेल्या गेल्या."

म्हणजे मी सीतापुऱ्यात गळ्याच्या शिलाया मोजत होते तेवढा वेळ ही गाडी स्वतःचं रक्त जाळून स्वतःची आरती करत होती, आणि तिला सलाइन देणारा तिकडं पाटावर सुट्टी घेऊन बसला होता. मी चावीकडं हात नेला, तर आत्तींनी मनगट धरलं. सत्तरीतली बाई, पण पकड अशी की पाटावर पक्कड ठेवायची गरजच नव्हती.

"पूजंतला दिवा हातानं घालवायचा न्हाई."

आम्ही दोघी तिथंच उभ्या राहिलो. दिवा आमच्यासमोर बारीक होत गेला. नारिंगी झाला, तांबूस झाला, मग फक्त एक तार लाल दिसली आणि तीही नाहीशी झाली.

आत्तींचा हात माझ्या मनगटावरून सुटला. "शांत झाला म्हणावं," त्या पुटपुटल्या. "दुसरं काय म्हणू नगंस."

त्या संध्याकाळी आम्ही जेवलो ती पुरणपोळी होती की पुठ्ठा, मला आठवत नाही. मी दोनदा उठून पोर्चमध्ये जायला निघाले आणि दोन्ही वेळा आत्ती म्हणाल्या, "उद्या पूजा हलवली की मग." त्यांनी टीव्ही लावलाच नाही. मधेच म्हणाल्या, "तिकडं आता थंडी असंल." मी म्हटलं, "ह्यांच्याकडं चांगले मोजे आहेत." फोन टेबलावर पालथा पडून राहिला.

दसऱ्याच्या सकाळी आत्तींनी अक्षता टाकून पाट हलवला मात्र, मी चार्जर उचलून पळाले. केस वाळवायच्या मशिननं त्याला असं भाजलं, की थोडा वेळ आणखी भाजलं असतं तर त्याची बाटी झाली असती. चिमटे बॅटरीला लावले, पिन सॉकेटमध्ये खुपसली, बटण दाबलं.

ना लाल. ना हिरवा. हलवून बघितला. आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला. चार्जरमधून पाण्याचा आवाज ऐकलेली पृथ्वीवरची मी एकटीच बाई असेन.

"हिरवा हाय न्हवं?" दारातून आत्तींचा आवाज.

"आहे, आहे!"

"बघू."

आत्तींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरतोय. पोर्चमध्ये उजेड बेताचा. मी बिजलीसारखी आत गेले, आरशावर चिकटवून ठेवलेल्या टिकल्यांतली हिरवी टिकली उचलली, आणि आत्ती चप्पल शोधेपर्यंत ती चार्जरच्या दिव्यावर बसवून टाकली. आत्ती आल्या, वाकल्या, डोळे बारीक केले.

"हाय बाई हिरवा," म्हणाल्या आणि आत गेल्या.

मुहूर्त दुपारचा होता. माझ्या हातात तेवढाच वेळ. मी बॅटरीच्या दुकानाला फोन लावला. "आज तो दशहरा है जी, दुकान की पूजा है. कल पधारो." मग गाडी बघणाऱ्या मेकॅनिकला लावला. मागं ठाकठोक चाललेली. "भाभीजी, आज नहीं. आज कॉलोनी का रावण खड़ा कर रहा हूँ, एक सिर टेढ़ा हो गया है." मी म्हटलं, भैया, नऊ डोकी पुरतील, तुम्ही या. पण त्यानं फोन ठेवला होता.

मी पोर्चच्या पायरीवर बसले. गाडी चालू झाली नाही तर आत्ती जेवणार नाहीत, हे मला माहीत होतं. फोन येईपर्यंत जेवणार नाहीत. आणि फोन कधी येणार हे कुणालाच माहीत नव्हतं. ह्यापलीकडचा विचार मी करत नव्हते. तो विचार दाराबाहेर उभा होता, आणि मी दाराला पाठ लावून बसले होते.

तेव्हा मला जिन्याखालून घूं असा आवाज ऐकू आला. घरमालकांचा इन्व्हर्टर.

घरमालक वरच्या मजल्यावर राहतात. त्यांना सगळी गल्ली अंकलजी म्हणते, आम्हीही म्हणतो. जिन्याखाली त्यांच्या इन्व्हर्टरची बॅटरी आहे, म्हशीच्या डोक्याएवढी. बारा व्होल्टचीच. ती भिंतीतल्या विजेवर दिवसभर चरत असते. ह्यांनी एकदा सुट्टीत असताना कुणाच्या तरी गाडीला अशा मोठ्या बॅटरीवरून वीज पाजलेली मी पाहिली होती. पाहिली होती म्हणजे, चहाचा ट्रे घेऊन मागं उभी होते. पण मी अंकलजींना सांगितलं की हे काम मी डोळे मिटून करते.

"बाईसा," अंकलजी हात जोडून म्हणाले, "यह इनवर्टर मेरे बेटे जैसा है."

"तो आज बेटे को पड़ोसी के काम आने दीजिए, अंकलजी."

"ब्लास्ट हो जाएगा."

"नहीं होगा. फ़ौजी की घरवाली हूँ."

ह्या वाक्याचा विजेशी काही संबंध नव्हता, पण अंकलजींना ते पटलं. उन्हाळा संपल्यावर काढून ठेवलेल्या कूलरची लांब वायर होती, ती मी कापून सोलली. एक टोक म्हशीला, दुसरं आमच्या गाडीला. आणि इथं माझे हात थांबले. जास्त कुठलं, कमी कुठलं? लाल तो जास्त, काळा तो कमी, एवढं मला पाठ होतं. पण आत्तींनी गाडीच्या बॅटरीचीही पूजा केली होती, आणि दोन्ही टोकांना भक्तिभावानं कुंकू फासलं होतं. दोन्ही लाल. उलट जोडलं तर काय होतं हे ह्यांनी मला सांगितलं होतं, आणि ते सांगताना त्यांनी दोन्ही हात वर उडवले होते.

मी ओढणीच्या टोकानं घासायला लागले. कुंकू ओढणीत गेलं, हळद नखात गेली. मागं अंकलजी जिन्याची एक एक पायरी वर चढत होते, तोंड माझ्याकडं ठेवून. शेवटी एका टोकाच्या शिशावर कोरलेलं बारीकसं अधिकचं चिन्ह दिसलं. मी इतकी आनंदले, की त्या चिन्हाचा मुका घ्यायचंच तेवढं बाकी ठेवलं.

जोडलं. ठिणगी उडाली. लहानशीच, पण अंकलजी "जय बजरंगबली!" म्हणून थेट गच्चीवर पोचले, मधल्या पायऱ्यांना पाय न लावता.

त्यानंतर वाट बघायची. ती सगळ्यात वाईट. वायर गरम होते का म्हणून मी तिला हात लावत होते, जसा तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात. आत्ती आत-बाहेर करत होत्या. आमच्याकडं आपट्याची पानं लुटतात, इथं आपटा मिळत नाही, म्हणून त्या अंकलजींच्या ओळखीतून शमीची डहाळी मिळवून आल्या होत्या. इथले लोक त्याला खेजडी म्हणतात. डहाळी हँडलला बांधताना त्यांना वायर दिसली.

"ह्या वायरी कसल्या?"

"दिव्यांच्या माळा लावणार आहे, आत्ती. संध्याकाळी."

"हं," आत्ती म्हणाल्या.

मुहूर्त आला. चाकाखाली लिंबू ठेवलं. आत्ती ताट घेऊन उभ्या राहिल्या, नेसून ठेवणीतलं हिरवं लुगडं. त्यांचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. अंकलजी गच्चीच्या कठड्यावरून फक्त डोक्यानं हजर होते. मी गाडीवर बसले. चावी फिरवली, काट्याजवळचे दिवे लागले. देवा, म्हटलं, एवढंच कर. बटण दाबलं.

टक्.

बस. एक टक्. त्यानंतर जी शांतता पसरली, तीत मला गल्लीच्या टोकाला पोपट पेरू खात असल्याचा आवाज आला. आत्तींनी डोळे मिटले.

"क्लच!" मी ओरडले. "क्लच दाबायचा राहिला, आत्ती! ही गाडी क्लचशिवाय उठतच नाही! आणि नारळ कुठंय? नारळ आधी फोडायचा ना!"

"नारळ मागनं फोडत्यात."

"इथं आधी फोडतात. जयपूरला. विचारा अंकलजींना!"

"हाँ जी, पहले!" गच्चीवरून डोकं म्हणालं. देव त्यांचं भलं करो.

आत्ती नारळ आणायला गेल्या. तो नेमका फ्रिजमागं घरंगळला होता. मी वायरची टोकं आणखी घट्ट आवळली. बोटं भाजली. तोंडानं मी गाडीशी बोलत होते, आणि काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. आत्ती आल्या, नारळ फुटला, पाणी चाकावर पडलं. मी बटण दाबलं.

टक्. घुर्र. घुर्र... आणि गाडी अशी गर्जली, की हवामहलाच्या सगळ्या खिडक्या एकदम वाजल्या असणार. लिंबू चिरडलं. अंकलजी टाळ्या वाजवत होते. मी रडत होते की हसत होते हे मला माहीत नाही, धुरानं डोळे चुरचुरत होते असं म्हणू.

आत्ती हलल्या नाहीत. त्यांनी ताट पायरीवर ठेवलं, भिंतीपाशी गेल्या, वाकून चार्जरवरची टिकली नखानं काढली, आणि येऊन माझ्या कपाळावर चिकटवली.

"टिकलीनं दिवा लागत न्हाई," म्हणाल्या. "मोतीबिंदू झालाय, आंधळी न्हाई मी."

"मग सकाळीच का नाही बोललात?"

"तुझं त्वांड बघितलं न्हवतंस तू. बोलले असते तर तिथंच बसली असतीस." मग गाडीच्या सीटवर हात ठेवून त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या. "चालू झाली, बास झालं."

पण बास झालं नाही. संध्याकाळी रावण जळाला, सरळ मानेनं की वाकड्या, ते आम्ही बघायला गेलो नाही. फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी मी नवा चार्जर आणला, लाल दिवा लागला, त्याचा हिरवा झाला, आणि तरी फोन आला नाही. आत्ती जेवत होत्या, कारण गाडी चालू झाली तर लेकरू सुखरूप समजेन असा शब्द दिला होता, पण घास चावायला त्यांना फार वेळ लागत होता. मी कारखान्यात एकाच सदऱ्याच्या बाह्या दोनदा तपासायला लागले. शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं सांगितलं तेव्हा मला कळलं. आत्ती आता गाडीकडं बघतही नव्हत्या. एकदा फक्त म्हणाल्या, "गाडीला काय कळतंय, लोखंड ते." मला त्या वाक्याची इतकी भीती वाटली, की मी उठून गाडीच पुसायला लागले.

आणि मग एका दुपारी, आम्ही दोघी मेथी निवडत असताना, फोन वाजला. अनोळखी नंबर. मी उचलला. आधी नुसती खरखर. मग, फार लांबून, विहिरीच्या तळातून यावा तसा ह्यांचा आवाज, "हॅलो? ऐकू येतंय का?"

आत्तींनी माझ्या हातातून फोन घेतला. नुसत्या "आं, आं" करत राहिल्या, मेथीची जुडी छातीशी धरून. मग फोन माझ्याकडं दिला.

मी बोलायला लागले ती थांबलेच नाही. एवढ्या दिवसांचं तुंबलेलं. खंडेनवमी, चिंचेनं घासलेले चिमटे, सकाळपासून जळणारा दिवा, केस वाळवायचं मशिन, टिकली, रावणाचं वाकडं डोकं, म्हशीएवढी बॅटरी, दोन्ही टोकांना कुंकू, ठिणगी. ठिणगी तोवर चांगली पुरुषभर उंच झाली होती. अंकलजी गच्चीवर उडाले ते शेजारच्या गच्चीवर उतरले. मी एका हातानं इन्व्हर्टर उचलला. आत्ती मधे मधे "व्हय, व्हय" म्हणत साक्ष देत होत्या. शेवटी मी लिंबू चिरडलं, नारळ फोडला, आणि दम घ्यायला थांबले.

पलीकडं काहीच आवाज नाही. मला वाटलं, लाइन गेली.

"अहो? ऐकलंत का?"

"ऐकलं," हे म्हणाले. "चेनला तेल घातलंस का?"